सात टीम, पाच शनिवार: मुलांच्या समर स्विम लीगचं वेळापत्रक कसं लावायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. नॉर्थ कॅरोलायनात तुमच्या भागातल्या सात नेबरहुड पूलांची एक छोटी लीग आहे. आत्तापर्यंत जे गृहस्थ वेळापत्रक करायचे ते दुसरीकडे मूव्ह झाले आणि तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे हे अजून दहा वर्षं कुठे पळत नाहीत, हे हेरून कमिटीने ते काम तुमच्या गळ्यात मारलं. शाळा सुटल्यापासून फायनलपर्यंत सहा शनिवार, त्यातला एक ४ जुलैचा. सगळ्या टीमची सगळ्यांशी एकदा तरी मीट, म्हणजे पोहण्याची लढत, व्हायला हवी, होम-अवे (आपल्या पूलवर आणि दुसऱ्यांच्या पूलवर) सारखं हवं, आणि मागच्या सीझनला संध्याकाळच्या मीट दहा-दहा वाजेपर्यंत चालल्या म्हणून पालक वैतागलेत. आणि विचारलंय की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ.

सॉफ्टवेअर कुठलंच नको. म्हणजे मीट चालवायला हाय-टेकचं मीट मॅनेजर किंवा स्विमटोपिया काय तुमच्याकडे असेल ते लागेलच, पण सात टीमच्या जोड्या लावायला कागद-पेन पुरतं. मी इथे नॉर्दर्न व्हर्जिनियात बरीच वर्षं टीम रेप, म्हणजे लीगमधे टीमची प्रतिनिधी, होते, आता रेफरीचं काम करते आणि डिव्हिजनच्या वेळापत्रकात हात असतो. आमची लीग, एनव्हीएसएल (नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग), १९५६ पासूनची, शंभरच्या वर टीम, आणि सगळा पसारा सहा-सहा टीमच्या डिव्हिजनमधे कापलेला. सहा टीम म्हणजे पाच राउंड, पाच शनिवार, विषय संपला. तुमचा सात हा आकडाच त्रासदायक आहे, तर आधी त्याचं बघू.

सात टीम असल्या की दर राउंडला एक टीम रिकामी, म्हणजे तिला बाय. तीन मीट, एक बाय, असे सात राउंड झाले की सगळ्यांची सगळ्यांशी एकदा मीट होते, प्रत्येकीला सहा मीट मिळतात. आठवी टीम घेतली तरी राउंड सातच लागतात हे लक्षात ठेवा, कारण पुढेमागे शेजारचा एखादा पूल "आम्हाला पण घ्या" म्हणत आला तर लोक म्हणतील सीझन लांबेल. अजिबात नाही लांबणार. फक्त प्रत्येकीच्या सात मीट होतील आणि कुणाच्या चार होम तर कुणाच्या तीन, ते पुढच्या वर्षी उलटं करायचं.

आता जोड्या. एक ते सात नंबर गोलात लिहा. पहिल्या आठवड्यात १ ला बाय. मग तिच्या दोन्ही बाजूचे एकमेकांशी, म्हणजे २ आणि ७, त्यांच्या पुढचे ३ आणि ६, आणि उरलेले ४ आणि ५. दुसऱ्या आठवड्यात बाय २ ला: ३ आणि १, ४ आणि ७, ५ आणि ६. तिसऱ्यात बाय ३ ला: ४ आणि २, ५ आणि १, ६ आणि ७. असंच पुढे सरकत जायचं. इथपर्यंत कुठल्याही वेबसाइटवर मिळेल. गंमत होम-अवेत आहे. बहुतेक लोक काय करतात, जोडीतला पहिला लिहिलेला नंबर होम असं ठरवून टाकतात. एकूण बेरीज बरोबरच येते, प्रत्येकीला तीन होम तीन अवे, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण नीट बघितलंत तर ४ नंबरच्या टीमला ओळीने तीन होम, मग बाय, मग ओळीने तीन अवे असं येतं. तीन आठवडे सलग होम मीट म्हणजे तीन आठवडे सलग त्याच पालकांनी पहाटे सहाला तंबू ठोकायचे, लेन रोप ओढायचे, कन्सेशनला डोनट आणायचे. जुलै येईपर्यंत त्या टीमचे व्हॉलंटियर फोन उचलणं बंद करतात.

उपाय साधा आहे, मधली जोडी उलटी करा. म्हणजे पहिल्या आठवड्यात २ च्या पूलवर ७ येणार, ६ च्या पूलवर ३ जाणार, ४ च्या पूलवर ५ येणार. होम टीम कोण, तर २, ४, ६. दुसऱ्या आठवड्यात ३, ५, ७. तिसऱ्यात ४, ६, १. दिसतंय का? दर आठवड्याला बायवाल्या नंबरच्या पुढचा पहिला, तिसरा आणि पाचवा, असेच होस्ट येतात, आणि प्रत्येक टीमचं होम-अवे एकाआड एक पडतं, मधे बाय आला तरी. टीमची संख्या विषम असली की हे असं परफेक्ट जमतं. आमच्या सहाच्या डिव्हिजनमधे जमत नाही, तिथे कितीही डोकं लावलं तरी एकूण चार वेळा कुणालातरी लागोपाठ दोन होम किंवा दोन अवे येणारच, ते गणितानेच सिद्ध झालेलं आहे. म्हणजे सात म्हणून रडू नका, या एका बाबतीत तुमचं आमच्यापेक्षा बरं आहे.

अजून एक फायदा आपोआप मिळतो. या पद्धतीत लागोपाठचे दोन नंबर एकाच दिवशी कधीच होस्ट नसतात, ७ आणि १ धरून. आता विचार करा तुमच्या भागात असे दोन पूल असतीलच की जे एकाच रस्त्यावर आहेत, दोघांच्याही पार्किंगमधे पन्नास-साठ गाड्या जेमतेम मावतात आणि दोघंही ओव्हरफ्लोसाठी त्याच एलिमेंटरी स्कूलचं लॉट वापरतात. त्या दोघांना लागोपाठचे नंबर द्या. एका सकाळी दोन मीटच्या गाड्या त्या लॉटमधे कधीच येणार नाहीत. इतकं सोपं असून हे फार कमी लोक करतात, कारण बहुतेक जण आधी टीमना नंबर देतात, मागच्या वर्षीच्या क्रमाने किंवा एबीसीडीने, आणि मग अडचण आली की तयार वेळापत्रकात एकेक मीट इकडची तिकडे हलवत बसतात. एक हलवली की तीन तुटतात.

माझं सगळं सांगणं खरं तर एवढंच आहे: सांगाडा आधी करा, नंबर कुणाला कुठला ते सगळ्यात शेवटी ठरवा, आणि ते ठरवायच्या आधी माणसांच्या अडचणी गोळा करा. सात टीमना सात नंबर ५०४० प्रकारे देता येतात. त्यातला एखादा तुमच्या बहुतेक अडचणीत बसतोच, आणि तो एक्सेलवर तासाभरात सापडतो.

अडचणी म्हणजे काय विचाराल तर त्यात पोहण्याचा संबंध कमी, बाकीचंच जास्त असतं. कुठल्या पूलवर एखाद्या शनिवारी एचओएची, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीची, पार्टी आधीच बुक आहे. कुठल्या टीमकडे सर्टिफाइड रेफरी एकच आहे आणि त्याच्या पुतणीचं लग्न कुठल्या तारखेला आहे. टायमर कुणालाही करता येतं, स्टॉपवॉच दिलं, लाइट चमकला की दाबा सांगितलं की झालं. पण रेफरी, स्टार्टर, स्ट्रोक अँड टर्न जज (पोहण्याची पद्धत आणि वळणं नियमात आहेत का ते बघणारे) यांना क्लिनिक, म्हणजे प्रशिक्षण, करावं लागतं, ती मे महिन्यात होतात, आणि सीझन सुरू झाल्यावर तुम्ही ती माणसं पैदा करू शकत नाही. माझ्या अनुभवात मीट पाण्यामुळे अडण्यापेक्षा ऑफिशियल नसल्यामुळे जास्त अडतात. म्हणून प्रत्येक टीम रेपला विचारायचा पहिला प्रश्न "तुमचे ऑफिशियल कुठल्या शनिवारी गावात नाहीत" हा. पूलबद्दल नंतर.

दुसरा प्रश्न मोठ्या मुलांचा. १५ ते १८ वयोगटातली मुलं कागदावर असतात आणि प्रत्यक्षात नसतात. जूनमधे ग्रॅज्युएशन, त्यानंतर लगेच बीच वीक, बारावी झालेली सगळी पोरं आठवडाभर समुद्रावर. आमच्याकडे तरी पहिल्या शनिवारी त्या गटात रिले लावायला चार जण मिळताना कोचची दमछाक होते. त्यात अजून एक भानगड अशी की तोच सोळा वर्षांचा मुलगा टीमचा बटरफ्लायवाला असतो, सकाळी सहा वर्षांच्या मुलांचा ज्युनियर कोच असतो आणि दुपारी त्याच पूलवर लाइफगार्ड असतो. मीट साडेबाराला संपली आणि त्याची गार्डची शिफ्ट बाराला सुरू असली तर शेवटच्या रिलेला तो पाण्यात असेल की खुर्चीवर? हे पूल मॅनेजरशी मे महिन्यातच बोलून घ्यायचं. शिवाय जी मुलं वर्षभर क्लबमधे पोहतात त्यांच्या यूएसए स्विमिंगच्या लाँग कोर्स (५० मीटरच्या पूलमधल्या) चॅम्पियनशिप जुलैत असतात. तिथे ओढाताण करू नका, त्या तारखा आधी बघा आणि त्या आठवड्यात तुमची सगळ्यात अटीतटीची मीट येणार नाही एवढं पाहा. क्लबची मुलं समर लीगला येतात ती मित्रांसाठी आणि टीमच्या टॅटूसाठी, त्यांना तसंच येऊ द्यावं. ऑलिंपिक विजेती केटी लेडेकी पण आमच्या पलीकडे मेरीलँडमधे पॅलिसेड्सच्या पूलवर समर लीगच पोहायची.

तिसरा, आपल्या लोकांचा. तुमच्या भागात मराठी, तेलुगू, तमीळ कुटुंबं भरपूर आहेत, म्हणजे टीममधे पण असणार. शाळा सुटली की भारतात जाणार, तीन ते पाच आठवडे, आणि तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीत काढलेली असतात. तुम्ही मे महिन्यात उपलब्धता विचारली तर उत्तर मिळतं, पण त्याचा काही उपयोग नसतो. वेळापत्रकाचा कच्चा मसुदा फेब्रुवारीत बाहेर पडला पाहिजे, निदान बाय कुठल्या आठवड्यात आणि होम मीट कुठल्या एवढं तरी. मग लोक तिकीट काढताना बघतात. सगळे बघतील असं नाही, पण जे व्हॉलंटियर म्हणून कामाचे असतात ते बघतात. आमच्या टीमला बायची सवय नाही पण शेजारच्या एका लीगमधे बायच्या आठवड्याला लोक सर्रास व्हेकेशन लावतात आणि बाकी सगळ्या मीटला हजर राहतात, मला तर बाय ही चांगली सोय वाटते. दर दोन वर्षांनी येणारं बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशनही उन्हाळ्यातच असतं, तुमच्या मंडळातली अर्धी मंडळी तिकडे जाणार असतील तर ते पण कॅलेंडरवर टाका, लाजू नका. सॉकर टूर्नामेंट टाकतात ना लोक.

आता सात राउंड पाच शनिवारात कसे बसवायचे. सहा शनिवार पण एक ४ जुलैचा, तो सोडून द्या. २०२६ सारखं ४ जुलै नेमकी शनिवारी आली तर प्रश्नच नाही, परेड असते, पूलवर बार्बेक्यू असतो, पण शुक्रवारी किंवा रविवारी आली तरी त्या शनिवारी मीट ठेवून निम्म्या टीमवर पोहण्यात काही अर्थ नाही. पाच उरले. तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत.

एक, पाचच राउंड करायचे. मग दोन टीमना पाच मीट आणि पाच टीमना चार, आणि काही जोड्या भेटणारच नाहीत. चालतं, पण "आम्ही त्यांच्याशी पोहलोच नाही तर ते पहिले कसे" हे तुम्हाला फायनलपर्यंत ऐकावं लागेल.

दोन, दर राउंडला दोन ड्युअल (दोन टीमच्या मीट) आणि एक तीन टीमची मीट, म्हणजे बायच नाही. कागदावर सुंदर दिसतं. पण सहा लेनच्या पूलमधे ड्युअल असली की प्रत्येक टीमचे तीन पोहणारे, आणि तिघांची मीट असली की दोनच. पहिले दोन नेहमीचे असतात. तिसरी लेन म्हणजे ते पोर ज्याला आयुष्यात पहिल्यांदा ए मीटमधे, म्हणजे टीमच्या निवडक मुलांच्या मुख्य मीटमधे, नाव दिसलंय. ती लेन काढून घेणं मला पटत नाही. गणिताची आवड असलेला कुणीतरी बाबा तुम्हाला येऊन सांगेल की सात टीमच्या सात तिरंगी मीट अशा बनवता येतात की प्रत्येक जोडी बरोबर एकदाच भेटते. खरं आहे ते. पण त्या सातापैकी कुठल्याही दोन मीटमधे एक टीम सामाईक असतेच, त्यामुळे एका दिवशी एकच मीट होऊ शकते आणि बाकीच्या चार टीम घरी बसणार. त्या बाबांना चहा पाजा आणि पाठवून द्या.

तीन, जे मी करेन: पाच राउंड शनिवारी सकाळी, दोन राउंड बुधवारी संध्याकाळी. ज्या दोन राउंडमधे प्रवास सगळ्यात कमी ते बुधवारी, कारण आईबाप ऑफिसमधून थेट येणार. आणि दोन्ही बुधवार शाळा सुटल्यानंतरचे, पण जुलैच्या मध्याच्या आधीचे घ्या, नंतर सगळेच थकलेले असतात. शनिवारच्या पाचातला शेवटचा, म्हणजे फायनलच्या आधीचा, तो तगड्या दोन टीमचा ठेवा. सातव्या राउंडला १ आणि ६ भेटतात, तर मागच्या वर्षीच्या पहिल्या दोघांना ते नंबर द्यायला बघा. बघा म्हणते, हट्ट नको, पार्किंगवाल्यांची अडचण आधी.

आता दहा वाजेपर्यंत चालणाऱ्या मीटचं. याचा उगम वेळापत्रकातच असतो पण लोक स्टार्टरला शिव्या देतात. आमच्याकडची ए मीट घ्या. पाच वयोगट, मुलं-मुली वेगळे, चार स्ट्रोक, म्हणजे ४० वैयक्तिक इव्हेंट, प्रत्येकाची एकच हीट (एका वेळी पाण्यात सोडलेली तुकडी), वर १२ रिले. एकूण ५२ वेळा हॉर्न वाजतो. नऊला सुरू, बाराच्या आसपास संपते. वैयक्तिकला ५-३-१ आणि रिलेला जिंकणाऱ्याला ५, म्हणून सगळे मिळून ४२० पॉइंट, बारा वाजेपर्यंत मुलं आकडेमोड करत असतात. यात काही लपलेलं नाही, कारण हीट ठरलेल्या आहेत.

तुमच्याकडे मात्र मला वाटतं ज्याला पोहायचंय त्या सगळ्यांना एकाच मीटमधे घेता. म्हणजे आमची सोमवारची बी मीट. तिथे आठ वर्षांखालच्या फ्रीस्टाइलच्याच सात-सात हीट होतात. हिशोब करून बघा. एका हॉर्नपासून पुढच्या हॉर्नपर्यंत किती वेळ जातो ते टाइम ट्रायलच्या, म्हणजे सीझनआधी मुलांच्या वेळा घेतात त्या, दिवशी मोजा. नुसतं पोहायचं नाही, पोरं ब्लॉकवर चढणं, गॉगल सारखे करणं, एक जण चुकीच्या लेनमधे उभा असणं, सगळं धरून. सरासरी दीड मिनिट धरलं तर १५० हीट म्हणजे २२५ मिनिटं, पावणेचार तास. संध्याकाळी सहाला सुरू केली की पावणेदहा, मधे ढग गडगडले नाहीत तर. वॉशिंग्टन डीसीत जूनमधे सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, तुमच्याकडे पण तेवढ्यालाच, म्हणजे शेवटचा तास दिव्याखाली आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींसकट.

दीड मिनिटाचं सव्वा मिनिट केलं तर त्याच १५० हीटमधे जवळजवळ चाळीस मिनिटं वाचतात. आणि ते स्टार्टरच्या हातात नाही, क्लार्क ऑफ कोर्सच्या, म्हणजे मुलांना हीटप्रमाणे रांगेत लावणाऱ्याच्या, हातात आहे. लहान मुलांना पुढच्या पाच-सहा हीटच्या रांगा बाकांवर बसवून तयार ठेवलं की हीट संपताच पुढची चढते. ते बाकांचं काम करायला आवाज असलेली, मुलांना नावाने ओळखणारी बाई किंवा बुवा शोधा, बाकी सगळ्या व्हॉलंटियरच्या जागा कुणालाही द्या. मुलांच्या हातावर मार्करने इव्हेंट, हीट, लेन असा तीन रकान्यांचा तक्ता लिहितात ना, तो सनस्क्रीन लावायच्या आधी लिहायला सांगा. सनस्क्रीनवर शार्पी धरत नाही, आठ वाजता लिहिलेला तक्ता नऊ वाजता पुसलेला असतो, आणि मग प्रत्येक पोराला शीटवर शोधण्यात ती पंधरा सेकंद जातात.

दुसरं, रिकाम्या लेनवाल्या हीट एकत्र करा. १३-१४ मुलींच्या बटरफ्लायला दोघी आणि मुलांमधे तिघं असतील तर पाचही जणांना एकत्र सोडा, निकाल वेगळे काढता येतात, सॉफ्टवेअर ते करतं. मोठ्या मुलांना फ्लायओव्हर स्टार्ट द्या, म्हणजे आधीची हीट भिंतीला धरून पाण्यातच थांबते आणि पुढची त्यांच्या डोक्यावरून उडी मारते. लहानांच्या बाबतीत हे करू नका, कुणीतरी मधेच वर यायला बघतं.

तिसरं आणि खरं औषध म्हणजे मर्यादा. बुधवारच्या मीटला प्रत्येकी दोनच इव्हेंट, आणि एकूण हीट १००च्या वर गेल्या तर शेवटचा स्ट्रोक रद्द, हे सीझनच्या आधी लिहून मंजूर करून घ्या. आयत्या वेळी काढलेला नियम सगळ्यांना आपल्याच पोरावर काढलाय असं वाटतं.

इव्हेंटच्या क्रमाबद्दल दोन मतं आहेत. आमच्या ए मीटमधे स्ट्रोकप्रमाणे जातात, आधी सगळ्यांची फ्रीस्टाइल लहानांपासून मोठ्यांपर्यंत, मग बॅक, ब्रेस्ट, फ्लाय. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन इव्हेंटमधे नऊ इव्हेंट तरी जातात, विश्रांती मिळते. पण आठ वर्षांच्या मुलीचं कुटुंब पहिल्या इव्हेंटपासून शेवटच्या रिलेपर्यंत अडकतं. शनिवारी सकाळी चालेल. बुधवारी रात्री नाही. बुधवारी लहान वयोगटाचे सगळे स्ट्रोक आधी उरकून टाका, साडेसातला सहा वर्षांची पोरं घरी, आणि मोठी मुलं नंतर दिव्याखाली पोहली तर त्यांना उलट मजाच येते. तोटा एवढाच की लहानांना दोन इव्हेंटच्या मधे विश्रांती कमी मिळते आणि ज्यांची दोन मुलं दोन टोकाच्या वयोगटात आहेत ते तरीही अडकतातच. त्यांना टायमरच्या दुसऱ्या शिफ्टला लावा, नाहीतरी थांबणारच आहेत.

टायमरचं आलंच आहे तर, सहा लेन, लेनला तीन असं आमच्याकडे असतं, म्हणजे एका वेळी १८ माणसं, आणि पूर्ण मीट कुणी उभं राहत नाही म्हणून मधे शिफ्ट बदलते. दोन्ही टीम मिळून ३६. छोट्या टीमला हे जड जातं. दोन टायमरवर भागत असेल तर भागवा. साइनअप जीनियसचा (व्हॉलंटियरनी नावं भरायच्या वेबसाइटचा) दुवा मीटच्या दहा दिवस आधी पाठवायचा, आणि टीमच्या ग्रुपवर "कृपया भरा" असं पाचदा लिहिण्यापेक्षा रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी चार माणसांना सरळ फोन करायचा.

पावसाचं थोडक्यात. नुसता पाऊस असेल तर पोहतात. गडगडलं की सगळे पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मधे पुन्हा ऐकू आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. तुमच्या-आमच्याकडची वादळं दुपारी-संध्याकाळी जमतात, म्हणून तर शनिवारच्या मीट सकाळी असतात. बुधवारची मीट अशी दोनदा थांबली की संपलीच समजा. म्हणून दोन गोष्टी आधीच लिहून ठेवा: किती इव्हेंट झाले की मीट पूर्ण धरायची, आणि अर्धवट राहिली तर कुठल्या दिवशी. आमच्या शेजारच्या एका छोट्या लीगमधे हे लिहिलेलं नव्हतं, एका मीटमधे एक टीम चार पॉइंटनी पुढे असताना वीज चमकली, आणि तो वाद फायनल होऊन गेल्यावरही ईमेलवर चालू होता. मी तर म्हणेन ४ जुलैच्या आठवड्याचा बुधवार मुद्दाम रिकामा ठेवा, त्याला राखीव दिवस म्हणा. लागला नाही तर टीमला सुट्टी.

सकाळच्या प्रॅक्टिसच्या लेन आणि मेंबरांच्या लॅप स्विमिंगचं भांडण तुम्ही विचारलेलं नाहीये, पण ते येणारच. ते लीगचं काम नाही, प्रत्येक पूलने आपापलं मिटवायचं, तुम्ही त्यात पडू नका.

तारखांचं म्हणाल तर, जानेवारीत रेपना अडचणी विचारायच्या, उत्तराला दोन आठवडे. फेब्रुवारीच्या मध्यात मसुदा, त्यात नंबर दिलेले. मसुद्यावर प्रत्येक टीमला एकच बदल मागता येईल असं सांगा, म्हणजे लोक खरी अडचण मागतात, बारीकसारीक सोडून देतात. मार्चच्या सुरुवातीला पक्कं. त्यानंतर अदलाबदल हवी असेल तर त्या दोन टीमनी आपापसात ठरवून तुम्हाला कळवायचं, तुम्ही मधे निरोप पोचवत बसायचं नाही. आणि पक्कं झालेलं वेळापत्रक पीडीएफ म्हणून पाठवू नका, कॅलेंडरची लिंक पाठवा, नाहीतर जूनमधे कुणाच्यातरी फ्रिजवर फेब्रुवारीचा मसुदा लावलेला असतो आणि सत्तर मुलं चुकीच्या पूलवर जातात.

सातही पूलांच्या अडचणींची यादी आली की मला पाठवा, कुणाला कुठला नंबर द्यायचा ते बघून सांगते. पत्ते पण टाका, कुठले दोन पूल जवळ आहेत ते कळेल.